भिंतीमागची माती : कूलॉमच्या किल्ल्यापासून बेंगळुरूच्या तळघरांपर्यंत

आज एका अशा भिंतीबद्दल बोलायचं आहे, जिच्यावर छप्पर नसतं आणि जिच्या आत कुणी राहत नाही. तिच्या एका बाजूला माती असते आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. सरकारी निविदांमध्ये तिला 'संरक्षक भिंत' म्हणतात, साइटवर सगळे 'रिटेनिंग वॉल' म्हणतात. घाटरस्त्याच्या कडेला, पुलाच्या चढावाला, उतारावरच्या सोसायटीच्या मागे ती उभी असते. पडेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी राहतो बेंगळुरूत. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. पठार म्हटलं की सपाटी डोळ्यांसमोर येते, पण मल्लेश्वरमच्या किंवा बसवनगुडीच्या गल्ल्यांतून पायी फिरलात तर पोटऱ्या सांगतील की इथे चढउतार किती आहेत. एका प्लॉटची जमीन शेजारच्या प्लॉटपेक्षा एक पुरुषभर खाली, हे इथलं नेहमीचं दृश्य. आता तर दोन-दोन, तीन-तीन मजली तळघरं खोदतात. म्हणजे या शहरात जागोजागी माती अडवून धरलेली आहे. ती भिंतीला किती जोराने ढकलते, हा आजचा प्रश्न. आणि भिंतीमागची जमीन सपाट नसून वर चढत गेलेली असेल, तर तो जोर किती वाढतो, हा त्याचा पुढचा भाग. अडीचशे वर्षं माणसं या प्रश्नाशी झगडली आहेत. ती गोष्ट सांगतो, कारण तिच्या शेवटच्या टोकाला आपल्या ओळखीची शहरं आहेत.

ढीग आणि पाचर

वाळूचा ट्रक रिकामा होताना पाहिलाय ना? ढीग एका ठरावीक उतारावर येऊन थांबतो. वरून आणखी वाळू टाकली तर ती घसरते आणि ढीग पुन्हा त्याच उताराला येतो. कोरड्या वाळूचा हा कोन साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. कण एकमेकांवर घासतात, म्हणून ढीग उभा राहतो. या घासण्याच्या ताकदीला अभियंते 'घर्षणकोन' म्हणतात.

आता त्या ढिगाला मध्येच उभं कापा आणि कापलेल्या जागी फळी लावा. नैसर्गिक उतारावर थांबू पाहणारी माती आता फळीवर रेलते. फळी जराशी पुढे सरकली, तर मागच्या मातीचा एक तुकडा, लाकूड फोडायच्या पाचरीसारखा, तिरक्या पृष्ठावरून खाली घसरू लागतो. ही पाचर भिंतीला ढकलते.

हे सूत्रात येण्यापूर्वीही माणसं माती अडवतच होती. आपल्याकडे डोंगरउतारावर शेतकरी ताली घालतात. दगडावर दगड रचतात, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. अशी ताल थोडी मागे रेललेली असते, पाणी तिच्या फटींतून निघून जातं आणि एखादा दगड निसटला तरी दुसऱ्या दिवशी परत लावता येतो. बेंगळुरूच्या जुन्या तलावांचे बांध पाहा. बांध मातीचे, दोन्ही बाजूंनी उतरते आणि पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग. मातीला तिच्या स्वभावाप्रमाणे उतरू दिलं की ती फारसा त्रास देत नाही. भिंत लागते ती जागा वाचवायची असते तेव्हा.

एकाच दशकातले दोन किल्ले

जागा वाचवायची निकड सर्वांत आधी भासली ती किल्ले बांधणाऱ्यांना. उताराच्या बांधावर शत्रू चढून येईल. म्हणून दर्शनी बाजू सरळ उभी हवी. तोफेचा गोळा गिळायला मात्र मागे मातीचा जाड तट हवा. म्हणजे दगडी भिंत आणि तिच्यामागे मातीचा प्रचंड भराव.

बेंगळुरूचा किल्ला केंपेगौडांनी १५३७ मध्ये मातीचा बांधला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मराठी माणसाचं या शहराशी नातं तेव्हापासूनचं. पुढे ते मोगलांकडे आणि तिथून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. हैदर अलीने १७६१ मध्ये किल्ला दगडात बांधायला घेतला. आज त्यातला दिल्ली दरवाजा आणि आजूबाजूचा थोडा तट शिल्लक आहे. के. आर. मार्केटच्या गर्दीतून जाताना तो अचानक समोर येतो. तिथल्या दगडांची जाडी पाहिली की कळतं, बांधणाऱ्यांना मातीचा जोर ठाऊक होता. तो त्यांनी आकड्यात मांडला नव्हता, अनुभवातून ओळखला होता.

त्याच दशकात, १७६४ साली, चार्ल्स ऑगस्टिन कूलॉम नावाचा सत्तावीस वर्षांचा फ्रेंच लष्करी अभियंता कॅरेबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर उतरला. शाळेत विजेच्या धड्यात भेटलेला कूलॉम तो हाच. विजेचं काम त्याने नंतर केलं. मार्टिनिकला त्याच्याकडे फोर्ट बूर्बों नावाच्या मोठ्या किल्ल्याचं काम होतं. हवा वाईट, रोगराई भयंकर. तिथे त्याने आठ वर्षं काढली आणि १७७२ मध्ये तब्येत खालावलेल्या अवस्थेत तो फ्रान्सला परतला.

त्याच्या हाताशी तेव्हा काय होतं? सतराव्या शतकात वोबां या किल्लेतज्ज्ञाने उंचीप्रमाणे भिंतीची जाडी किती ठेवावी याचे तक्ते केले होते. १७२९ मध्ये बेलिदोर नावाच्या लेखकाने पाचरीचं गणित मांडलं होतं. पण पाचर पंचेचाळीस अंशांवरच घसरते असं त्याने गृहीत धरलं आणि घर्षणासाठी म्हणून जोर निम्मा केला. या निम्म्याला फारसा आधार नव्हता. तक्ता वापरला की भिंत बहुधा उभी राहायची, पण कधी दगड फुकट जायचा तर कधी कमी पडायचा. आणि बेटावर दगड, चुना, मजूर, सगळंच महाग.

कूलॉमने प्रश्न उलटा विचारला. पाचर कोणत्या कोनात घसरेल हे मला माहीत नाही. मग मी सगळे कोन तपासतो. पाचर फार बारीक घेतली तर वजनच कमी, भिंतीवर जोर थोडा. फार रुंद घेतली तर वजन जास्त, पण घसरणीचा पृष्ठ इतका आडवा होतो की घर्षणच तिला धरून ठेवतं. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक पाचर अशी आहे की जिचा जोर सर्वांत जास्त. भिंत तिच्यासाठी बांधायची. हा निबंध त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. तो छापून आला १७७६ मध्ये. मुळात त्याने हे टिपण स्वतःच्या कामापुरतं केलं होतं, असं तो प्रस्तावनेत सांगतो.

या निबंधात त्याने घर्षणाबरोबर मातीचा चिकटपणाही धरला होता. चिकट माती काही उंचीपर्यंत भिंतीशिवायही उभी राहते, ती उंची किती, हेही त्यातून काढता येतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. बेंगळुरूच्या लाल मातीपाशी तो परत लागणार आहे.

इकडे बेंगळुरूच्या किल्ल्याची परीक्षा २१ मार्च १७९१ च्या रात्री झाली. कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेने तोफांनी तटाला भगदाड पाडलं आणि त्यातून किल्ला घेतला. वेढ्याच्या युद्धाचं एक तंत्र होतं. भिंतीचा खालचा भाग फोडायचा, मग मागची माती उरलेली भिंत ढकलून देते आणि स्वतः घसरून चढायला उतार तयार करते. ज्या मातीने किल्ल्याचं रक्षण करायचं, तीच भिंत कमजोर झाली की शत्रूसाठी वाट करून देते. आजही भिंत पडते ती अशीच.

उतार आला की काय होतं

कूलॉमचं मूळ उदाहरण सपाट जमिनीचं. डोंगरात मात्र भिंतीमागची जमीन सपाट क्वचितच असते. भोर घाटातून रेल्वे नेण्याचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी धावली. अशा मार्गावर एका अंगाला डोंगर कापलेला आणि दुसऱ्या अंगाला भराव टाकलेला असतो, आणि भिंतीच्या माथ्यापासून वर उतार चढत गेलेला असतो.

नेमकं त्याच सुमारास, १८५७ मध्ये, ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी सैल मातीच्या स्थैर्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पाचरीऐवजी मातीच्या प्रत्येक कणाजवळचा ताण विचारात घेतला. वरची जमीन उतरती असेल, तर भिंतीवरचा दाबही त्या उताराला समांतर, तिरका असतो, असं त्यांनी दाखवलं आणि त्याचं नीटस सूत्र दिलं. ते सूत्र आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावं लागतं.

सूत्र लिहीत बसत नाही, आकडे सांगतो. तेच जास्त बोलतात. चार मीटर उंच भिंत घ्या. मागे कोरडी, वाळूसारखी माती, घर्षणकोन तीस अंश, एका घनमीटरचं वजन १.८ टन. जमीन सपाट असेल तर रँकिनचा गुणांक येतो ०.३३. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण जोर साधारण ४.८ टन.

आता मागची जमीन पंधरा अंशांनी चढती करा. गुणांक ०.३७. विशेष फरक नाही. वीस अंश, ०.४१, जोर सहा टनांच्या जवळ. पंचवीस अंश, ०.४९, जोर सात टनांच्या पुढे. आणि तीस अंशांना, म्हणजे उतार मातीच्या घर्षणकोनाइतका झाला की गुणांक उडी मारून ०.८७ वर जातो. जोर साडेबारा टन! शेवटच्या पाच अंशांत जितका वाढला, तितका आधीच्या पंचवीस अंशांतही वाढला नव्हता. त्यापुढे सूत्र उत्तरच देत नाही, कारण त्या उतारावर ती माती मुळात टिकणारच नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्या माणसाच्या नजरेतून सुटते. काँक्रीटच्या भिंतीचा तळ मागे मातीखाली पसरलेला असतो. त्याला टाच म्हणू. हिशेब करायचा तो टाचेच्या मागच्या टोकापाशी, आणि तिथवर जमीन आणखी वर चढलेली असते. टाच दोन मीटर आणि उतार वीस अंश असेल, तर माती भिंतीपेक्षा सुमारे पाऊण मीटर उंच भरते. जोर उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट झाली तर जोर चौपट. म्हणून सहा टनांचे सव्वाआठ होतात. सपाट जमिनीच्या ४.८ टनांसाठी बांधलेली भिंत इथे पुरी पडणार नाही.

उतार एकसारखा नसेल, वर रस्ता असेल, त्याच्या पलीकडे घर असेल, तर काय? तिथे सूत्र अडतं. झुरिकच्या कार्ल कुलमान यांनी १८६६ च्या ग्रंथात कागदावर रेघा मारून उत्तर काढायची रीत दिली: वेगवेगळ्या पाचरी काढा, त्यांची वजनं मोजा, सर्वांत वाईट निवडा. कल्पना कूलॉमचीच, पण जमिनीचा आकार कसाही असला तरी चालते. पुढे १९०६ मध्ये बर्लिनच्या म्युलर-ब्रेस्लाऊ यांनी तिरकी भिंत, उतरता भराव आणि भिंतीवरचं घर्षण हे सगळं एका सूत्रात बसवलं. आज संगणकावर आपण जे आकडे काढतो, त्यांच्या मुळाशी हीच मंडळी आहेत.

पुण्याहून बेंगळुरूला

हे शास्त्र आपल्याकडे आलं ते सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. झालेला एक तरुण अभियांत्रिकी शिकायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला, आजचं सीओईपी. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नाशिक, खानदेश, पुणे असा जवळजवळ चोवीस वर्षांचा प्रवास त्यांनी केला. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१७ मध्ये बेंगळुरूत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. महाराष्ट्रात काम केलेल्या माणसाने कर्नाटकात अभियंते घडवायची सोय केली. म्हणून ही गोष्ट दोन्हीकडची आहे.

विश्वेश्वरय्या शिकत होते त्याच १८८१ साली लंडनमध्ये बेंजामिन बेकर यांनी प्रत्यक्ष भिंतींचा अभ्यास मांडला होता. त्यांचं म्हणणं, पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे ज्या भिंती पडायला हव्या होत्या, त्यातल्या कितीतरी खुशाल उभ्या आहेत. सूत्र जोर जास्त दाखवतं. मग सूत्र चुकीचं का?

उत्तर मिळायला अर्धं शतक लागलं. कार्ल टर्झागी यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये मोठ्या भिंतीवर प्रयोग केले आणि दाखवलं की मातीचा जोर हा ठरलेला आकडा नाही; भिंत किती हलते यावर तो अवलंबून आहे. भिंत किंचित पुढे झुकली, अगदी उंचीच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे चार मीटरला चार मिलिमीटर, की वाळूतलं घर्षण पूर्ण कामाला लागतं आणि जोर कूलॉमच्या आकड्यापर्यंत उतरतो. भिंत हलूच दिली नाही तर जोर त्याहून बराच जास्त राहतो. तळघराची भिंत वरच्या स्लॅबने जखडलेली असते, ती हलू शकत नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळा, मोठा गुणांक धरावा लागतो. बेंगळुरूच्या प्रत्येक तळघराला हा नियम लागू आहे.

जमीन हलली तर

१ सप्टेंबर १९२३ ला जपानमध्ये कांतोचा भूकंप झाला. बंदरांच्या कितीतरी धक्क्यांच्या भिंती समुद्राकडे ढकलल्या गेल्या. त्यानंतर ओकाबे आणि मोनोनोबे या जपानी अभियंत्यांनी कूलॉमच्या पाचरीला भूकंपाचा आडवा धक्का जोडला. त्यातून उताराबद्दल एक कडक अट निघाली. भूकंपात जमीन जणू काही अंशांनी आणखी कलते. गुरुत्वाच्या दहाव्या भागाइतका धक्का धरला, तर हा कल सुमारे पावणेसहा अंश. म्हणजे तीस अंश घर्षणकोनाच्या मातीचा उतार साधारण चोवीस अंशांहून जास्त ठेवता येत नाही. शांत दिवशी जो उतार टिकतो, तो त्या एका मिनिटात टिकेलच असं नाही.

या कामात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा वाटा आहे. भिंत मातीत दाबली जाते तेव्हा माती किती प्रतिकार करते आणि भूकंपात तो किती घटतो, यावर प्राध्यापक के. एस. सुब्बा राव आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी दीपांकर चौधरी यांनी या शतकाच्या सुरुवातीला संशोधन प्रसिद्ध केलं. चौधरी पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. म्हणजे तो धागा महाराष्ट्रात आला. त्याच संस्थेत प्राध्यापक जी. माधवी लता यांच्या गटाने थरथरणाऱ्या मंचावर जाळीचे थर घातलेल्या मातीच्या भिंती उभ्या करून त्यांचं वागणं तपासलं. मातीत पट्ट्या किंवा जाळी घालून तिला स्वतःलाच उभं करायची आजची पद्धत फ्रेंच अभियंता आँरी विदाल यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. उड्डाणपुलांच्या चढावाला कोड्यासारखे जोडलेले काँक्रीटचे तुकडे दिसतात, त्यांच्यामागे तीच युक्ती असते.

सूत्रात नसलेला पाहुणा

आता मुद्द्याची गोष्ट. इतकं शास्त्र हाताशी असताना भिंती का पडतात?

२९ जून २०१९. पुण्यातल्या कोंढव्यात, मुसळधार पावसात, एका सोसायटीची वरच्या पातळीवरची भिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. बहुतेक मजूर बिहारमधून आलेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या पहाटे, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत पावसाने कोसळली आणि वस्तीतली वीसहून अधिक माणसं दगावली. त्याच रात्री पुण्याच्या आंबेगावातही भिंत पडून सहा मजूर गेले. चार दिवसांत तीन भिंती.

तिन्ही वेळी पाऊस होता. आपल्या चार मीटरच्या भिंतीकडे परत या. कोरड्या मातीचा जोर ४.८ टन. पाणी मागे अडकलं आणि माथ्यापर्यंत साचलं, तर नुसत्या पाण्याचा जोर आठ टन. पाण्यात बुडालेली माती थोडी हलकी होते, तिचा जोर २.७ टनांवर येतो. बेरीज साडेदहा टनांच्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तेही जमीन सपाट असताना! पाण्याला घर्षण नसतं. मातीचा तिसरा हिस्सा जोर भिंतीवर येतो, पाण्याचा पूर्ण येतो. मागे उतार असेल तर तो सगळं पावसाचं पाणी गोळा करून भिंतीच्या पाठीशी आणून सोडतो. उताराचं खरं वजन इथे आहे: गुणांक तर वाढवतोच, वर पाणीही आणतो.

बहुतेक भिंतींचा हिशेब पाणी निघून जाईल असं धरूनच केलेला असतो. त्यासाठी भिंतीत मीटरभर अंतरावर भोकं ठेवतात, वीप होल. त्यांच्यामागे डबर आणि खडीचा थर घालतात, म्हणजे माती वाहून येत नाही आणि पाणी वाट काढतं. खडीचा थर वाचवला, भरावात जवळची चिकण माती किंवा बांधकामाचा राडारोडा लोटला, किंवा प्लास्टर करताना भोकं लिंपून टाकली, की कागदावरची भिंत आणि जमिनीवरची भिंत या दोन वेगळ्या भिंती होतात.

बेंगळुरूच्या लाल मातीची आणखी एक फसवणूक आहे. ही माती इथल्या नाईस खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. उन्हाळ्यात खोदली की तीन-चार मीटरचा कडा सरळ उभा राहतो, जणू दगडात कोरलेला. कूलॉमने सांगितलेला चिकटपणा तो हाच. पण कोरडेपणी मिळालेला हा चिकटपणा बराचसा उसना असतो. कणांमधला ओलावा त्यांना ओढून धरतो, आणि पावसाने माती भिजली की ती ओढ संपते. मार्चमध्ये उभा असलेला कडा मेच्या वळवाच्या पावसात आधार न देता ठेवणं म्हणजे उधारीवर संसार करणं. त्यातच खोदलेली माती कड्यावरच ढीग करून ठेवतात, म्हणजे सपाट जमिनीचा आपणच उतार केला. आणि खाली खड्ड्यात कोण असतं? रायचूर, यादगीर, कलबुर्गीहून आलेले, नाहीतर बिहार-बंगालमधून आलेले गवंडी आणि बिगारी. अनेकदा त्यांची पत्र्याची घरंही त्याच कड्याच्या पायाशी असतात, कारण शहरात दुसरी जागा परवडत नाही. भिंतीचा आराखडा करणारा माणूस त्या रात्री दुसरीकडे झोपलेला असतो.

भिंत बांधून झाल्यावर

या इतिहासात मला एक सूत दिसतं. दर पिढीने आधीच्या हिशेबातून सुटलेली एक गोष्ट आत आणली. कूलॉमने घर्षण आणलं, रँकिनने उतार, टर्झागीने भिंतीचं हलणं, जपान्यांनी भूकंप. मात्र हे सगळे हिशेब भिंत बांधायच्या दिवसाचे आहेत. त्यानंतर वर काय बदलतं, याची नोंद कुणी ठेवत नाही. दहा वर्षांनी वरचा माणूस बाग करायला ट्रकभर माती टाकतो, पंधरा अंशांचा उतार पंचवीसचा होतो. कुणी तिथे गाड्या लावायला फरसबंदी करतो, कुणी पाण्याची टाकी बसवतो. खालचा माणूस पाया खोदताना भिंतीच्या पायथ्याची माती काढतो आणि भिंतीचा पायच मोकळा करतो. दोघंही आपापल्या हद्दीत असतात, भिंत मात्र दोघांच्या मध्ये.

म्हणून एक काम सांगतो. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, हुबळीला, बडोद्याला किंवा पुण्यात, घराजवळ अशी भिंत असेल तर पावसाळ्याआधी तिच्यापाशी जाऊन चार गोष्टी पाहा. एक, भोकं उघडी आहेत का, आणि पाऊस पडून गेल्यावर त्यांतून पाणी येतं का. मोठ्या पावसानंतरही सगळी कोरडी राहत असतील तर मागचा निचरा तुंबला असण्याची शंका घ्या. दोन, भिंतीला आडवी तड आहे का, पोट पुढे आलंय का. ओळंबा लावा, तो खोटं बोलत नाही. तीन, वरच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडलीय का. तशी भेग म्हणजे पाचर निघाली आहे, आणि त्या भेगेतून पाणी थेट तिच्या पोटात जातंय. चार, भिंत बांधल्यापासून वर भराव वाढलाय का, किंवा खाली कुणी खोदलंय का.

यातलं काही आढळलं तर सोसायटीच्या पुढच्या सभेची वाट पाहू नका. महापालिकेला लेखी कळवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि खाली झोपड्या असतील तर पावसाच्या त्या रात्री तिथल्या माणसांना आधी हलवा. भिंतीचा हिशेब नंतर करता येतो.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावातल्या भिंतीची काही गोष्ट असेल तर जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार.